देवदूतांचें बेट आणि त्यावरील भिंती

देशाटनानें मनुष्य शहाणा होतो, हें आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. परंतु नुसता देश पाहिल्यानें शहाणपण येत असतें, तर आगगाडीचे गार्ड आणि आगबोटीवरील खलाशी हेच जगांतील सर्वांत मोठे तत्त्ववेत्ते झाले असते. कोणत्या स्थळीं गेलों ह्यापेक्षां तेथें जाऊन काय पाहिलें, ह्यावरच प्रवासाचें फळ अवलंबून असतें. एकाच गडावर गेलेल्या दोन मुलांपैकीं एक तटबंदी पाहून येतो, आणि दुसरा वाटेवरच्या करवंदांखेरीज कांहींच पाहून येत नाहीं, हा अनुभव प्रत्येक शिक्षकास आहे.

हा विचार ज्या एका स्थळाला विशेषच लागू पडतो, तें आपल्यापासून फार दूर, पॅसिफिक महासागराच्या पलीकडच्या कांठीं आहे. अमेरिकेंतील सॅन फ्रॅन्सिस्को शहरासमोर जो विस्तीर्ण उपसागर आहे, त्यांत एंजल आयलंड, म्हणजे देवदूतांचें बेट, ह्या नांवाचें एक डोंगराळ बेट आहे. आज तें कॅलिफोर्निया संस्थानचें सार्वजनिक उद्यान आहे. आपल्याकडील कित्येक घरांतील मुलगे व मुली शिक्षणासाठीं किंवा नोकरीसाठीं कॅलिफोर्नियांत गेलेल्या आहेत. त्यांना भेटावयास जाणारे आईबाप तेथील तांबडा गोल्डन गेट पूल पाहतात, छायाचित्रें काढतात आणि परत येतात. हें बेट बहुतेकांच्या यादींत नसतें. आणि जे तेथें जातात त्यांपैकीं पुष्कळजण वनभोजन करून व वारा खाऊन परततात. माझें मत असें कीं, त्या बेटावरील सर्वांत मोलाची वस्तु म्हणजे तेथील वनश्री नव्हे व तेथील तोफखानेहि नव्हत. ती म्हणजे एका जुन्या लांकडी बराकीच्या भिंती होत. ज्या राष्ट्रानें ती बराक उभारली, त्याची शोभा ती पाडण्यांत नव्हती, ती जपण्यांत आहे. आणि हें आपण हिंदी लोकांनींहि समजून घेण्यासारखें आहे. हें मत कां धरावें, तें पुढें सांगतों.

प्रथम बेटाची ओळख करून घेऊं. त्याचें क्षेत्रफळ सुमारें ७४० एकर असून त्याचा माथा समुद्रसपाटीपासून ७८८ फूट उंच आहे. बेटाला वळसा घालणारा रस्ता सुमारें पांच मैलांचा असून तो पायीं किंवा सायकलीवरून सहज पुरा करतां येतो. माथ्यावर उभें राहिलें असतां एका बाजूस गोल्डन गेटचा पूल, दुसऱ्या बाजूस शहरांतील गगनचुंबी इमारती आणि मध्यें अल्काट्राझ हें तुरुंगासाठीं प्रसिद्ध असलेलें खडकाळ बेट दिसतें. फार प्राचीन काळापासून कोस्ट मिवोक नांवाचे मूळ रहिवासी येथें मासे व शिकार मिळविण्यासाठीं येत असत. १७७५ च्या ऑगस्ट महिन्यांत हुआन मान्युएल दे आयाला हा स्पॅनिश कप्तान ‘सान कार्लोस’ नांवाचें जहाज घेऊन ह्या उपसागरांत शिरला आणि ह्या बेटाच्या आश्रयानें त्यानें नांगर टाकला. त्यानेंच बेटाला देवदूतांचें नांव दिलें. पुढें त्या नांवाला साजेसें वर्तन तेथें नेहमीं घडलें असें मात्र नाहीं.

बेटाचा लष्करी इतिहास १८६३ सालापासून सुरू होतो. अमेरिकेंत यादवी युद्ध चालू असतां उपसागराच्या रक्षणासाठीं बेटाच्या पश्चिम बाजूस कँप रेनॉल्ड्स ही छावणी वसविण्यांत आली. १८९१ सालीं उत्तरेकडील एका लहानशा खाडींत सांथीच्या रोगांपासून बंदराचें रक्षण करण्यासाठीं क्वारंटाईन स्टेशन सुरू झालें. बेटावर जाणारे प्रवासी आज ह्याच खाडींत उतरतात. १९०० सालापासून बेटावरील ठाण्यास फोर्ट मॅकडॉवेल हें नांव पडलें. फिलिपाइन्समधून परतणारे शिपाई, पहिल्या महायुद्धांत भरती झालेले तरुण, दुसऱ्या महायुद्धांत पॅसिफिकच्या रणांगणावर निघालेल्या पलटणी, असे लाखों सैनिक येथून गेले. युद्ध संपल्यावर परत येणाऱ्यांना जहाजावरूनच दिसावी अशी एक प्रचंड पाटी बेटावर उभारली होती. घरीं आलांत, स्वागत असो, शाबास, अशा अर्थाचा मजकूर तिच्यावर होता. पुढें १९५४ ते १९६२ ह्या काळांत येथें विमानांवर मारा करणारीं नाइकी क्षेपणास्त्रें ठेवण्यांत आलीं आणि त्यासाठीं डोंगराचा माथा छाटून सपाट करण्यांत आला. २००२ सालीं माती पुन्हां चढवून तो माथा उंच करण्यांत आला. लष्कराच्या ओसाड बराकी, दवाखाने व तोफांचे चौथरे आजहि दिसतात. ते पाहण्यासारखे आहेतच. तथापि किल्ले आणि तोफा जगांत पुष्कळ आहेत. दुसरीकडे सहसा पाहावयास मिळत नाहीं तें बेटाच्या ईशान्य बाजूस आहे.

तें काय, हें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे. १८८२ सालीं अमेरिकेच्या कायदेमंडळानें चिनी मजुरांस देशांत येण्यास बंदी करणारा कायदा केला. कॅलिफोर्नियांतील सोन्याच्या खाणींत राबून व डोंगर फोडून लोहमार्ग घालून ज्या चिनी लोकांनीं तो प्रांत वसविण्यास हातभार लावला, त्यांच्याच जातभाईंस नांव घेऊन दार लावण्यांत आलें. हा कायदा प्रथम दहा वर्षांपुरता होता. मग त्याची मुदत वाढली, आणि नंतर तो कायमचा झाला. व्यापारी, विद्यार्थी, शिक्षक अशा थोड्या वर्गांस आणि अमेरिकन नागरिकांच्या मुलांस तेवढी मोकळीक होती. अशा स्थितींत १९०६ सालीं सॅन फ्रॅन्सिस्कोंत प्रचंड भूकंप झाला, आग लागली आणि शहरांतील जन्मनोंदीचीं दप्तरें जळून गेलीं. तेव्हां पुष्कळ चिनी लोकांनीं ‘माझा जन्म येथेंच झाला’ असें सांगून नागरिकत्व मिळविलें, आणि चीनमधील दुसऱ्यांच्या मुलांस आपलींच मुलें म्हणून कागदोपत्रीं नोंदवून बोलावून घेतलें. ह्यांस ‘कागदी मुलगे’ असें म्हणत. खरा मुलगा कोणता आणि कागदी कोणता हें निवडण्यासाठीं सरकारनें २१ जानेवारी १९१० रोजीं ह्या बेटावर परदेशी उतारूंच्या तपासणीचें ठाणें उघडलें.

ह्या ठाण्याची तुलना अमेरिकेच्या दुसऱ्या दाराशीं करून पाहण्यासारखी आहे. न्यूयॉर्क बंदरांतील एलिस बेटावरून १८९२ ते १९५४ ह्या काळांत सुमारें सव्वा कोट लोक अमेरिकेंत शिरले. त्यांतील बहुतेक युरोपीय होते आणि बहुतेकांची तपासणी कांहीं तासांत आटोपे. शेंकडा सुमारें दोघांसच परत जावें लागे. उलट सॅन फ्रॅन्सिस्को बंदरांत १९१० ते १९४० ह्या तीस वर्षांत सुमारें ८० देशांतील पांच लाख लोकांची तपासणी झाली. पहिल्या वर्गानें प्रवास करणाऱ्या गोऱ्या उतारूंस बहुधा जहाजावरच परवानगी मिळे. चिनी उतारूंस मात्र बेटावर नेऊन कोंडून ठेवीत. कोणास कांहीं दिवस, कोणास कांहीं आठवडे, तर कोणास दोन वर्षांच्या जवळपास तेथें काढावीं लागलीं. राष्ट्र तेंच, निशाण तेंच. परंतु पूर्वेच्या दारांत एक रीत आणि पश्चिमेच्या दारांत दुसरी. दारांत उभा असलेला मनुष्य कोण आहे ह्यापेक्षां तो कोणत्या वर्णाचा आहे, हें तेथें आधीं पाहिलें जात होतें.

आंतील व्यवस्था अशी असे. जहाजावरून उतरतांच पुरुष एकीकडे व स्त्रिया दुसरीकडे, आशियांतील लोक एकीकडे व युरोपांतील दुसरीकडे, अशी विभागणी होई. नवऱ्याला बायकोस भेटण्याची मुभा नसे. लहान मुलें तेवढीं आईजवळ राहत. मग वैद्यकीय परीक्षा होई. पोटांत जंत सांपडले, एवढ्या कारणावरूनहि मनुष्य परत पाठविण्यास अपात्र नव्हे, तर पात्र ठरे. झोंपण्यासाठीं लोखंडी खाटांच्या एकावर एक तीन रांगा, दारांस कुलुपें, येणाऱ्या-जाणाऱ्या पत्रांची तपासणी, आणि चौकशी पुरी होईपर्यंत आप्तांची भेट बंद.

ह्या चौकशीविषयीं विद्यार्थ्यांनीं विशेष ऐकावें, कारण परीक्षेची भीति त्यांच्या परिचयाची आहे. अधिकारी विचारी: तुझ्या गांवीं तुमच्या ओळींत किती घरें आहेत? तिसऱ्या घरांत कोण राहतो? तुमच्या दारापुढें पायऱ्या किती? तांदुळाची कणगी कोणत्या खोलींत आहे? विहीर घरापासून कोणत्या दिशेस? तेच प्रश्न बापास, भावास, शेजाऱ्यास निरनिराळे बसवून विचारीत. आणि दोघांच्या उत्तरांत अंतर पडलें कीं मुलगा खोटा ठरे. प्रश्नांची संख्या शेंकड्यांवर जाई, आणि चौकशी कित्येकदां दोन-तीन दिवस चाले. हा लेख वाचणाऱ्या प्रत्येक मुलानें आज एक प्रयोग करावा. आपल्या घराच्या जिन्यास पायऱ्या किती, हें न मोजतां एका कागदावर लिहावें, आणि वडिलांस न सांगतां त्यांसहि लिहावयास सांगावें. दोन्ही उत्तरें जुळलीं नाहींत, तर बेटावरील न्यायानें तो आपल्या बापाचा मुलगा नव्हे! खरें बोलणारा जेथें ह्या रीतीनें खोटा ठरूं शकतो आणि घोकंपट्टी करणारा खरा ठरूं शकतो, तेथें सत्याचा शोध चालला आहे असें कसें म्हणावें?

येथें कोणी म्हणेल कीं, कागदी मुलगे होऊन येणारे लोक लबाड नव्हते काय? खोटें तें खोटेंच, हें मला मान्य आहे. शाळेच्या मासिकांत ह्याहून निराळें लिहिणें योग्यहि नव्हे. परंतु खोट्याचा दोष वांटतांना दोन्ही पारडीं तपासलीं पाहिजेत. जो कायदा प्रामाणिक मजुरास तो केवळ चिनी आहे म्हणून सरळ वाटेनें आंत येऊंच देत नाहीं, आणि त्याच्या शेजारून दुसऱ्या मजुरास तो गोरा आहे म्हणून नमस्कार करून आंत घेतो, त्या कायद्यानें लबाडीचें बीं पेरलें होतें हें विसरतां येत नाहीं. त्या लबाडीची किंमतहि त्या लोकांनींच मोजली. कित्येकांना उभा जन्म परक्याच्या नांवानें काढावा लागला, आणि आपलें खरें आडनांव पोटच्या मुलांपासूनहि लपवावें लागलें.

हिंदुस्थानांतून जाणाऱ्यांची कथा ह्याहून वेगळी नाहीं. ह्या ठाण्याच्या काळांत त्या बंदरांत सुमारें आठ हजार दक्षिण आशियाई उतारू आले; त्यांत पंजाबांतील शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता. त्यांस अटकाव करणारा स्वतंत्र कायदा प्रथम नव्हता. तेव्हां हा मनुष्य पुढें सरकारावर भार होईल, ह्याचें शरीर अशक्त आहे, ह्याच्या पोटांत जंत आहेत, अशा सबबी पुढें करण्यांत येत, आणि परत धाडलेल्यांचें प्रमाण हिंदी लोकांत फार मोठें असे. १९१७ सालच्या कायद्यानें हिंदुस्थानासह आशियाच्या मोठ्या भागांतील लोकांस उघडपणेंच बंदी झाली. १९१५ सालीं पेशावरचे वैष्णो दास बगाई हे पत्नी कला व तीन मुलगे ह्यांसह येथें आले. जवळ द्रव्य होतें, शिक्षण होतें. तरी त्यांस कांहीं दिवस बेटावर राहावें लागलें. पुढें त्यांनीं सॅन फ्रॅन्सिस्कोंत व्यापार थाटला आणि १९२१ सालीं अमेरिकेचें नागरिकत्व मिळविलें. परंतु १९२३ सालीं भगतसिंग थिंड ह्यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें गोरा नव्हे, सबब नागरिक होऊं शकत नाहीं, असा निकाल दिला; आणि मिळालेलें नागरिकत्व बगाई ह्यांजकडून काढून घेण्यांत आलें. धड हा देश नाहीं व धड तो देश नाहीं, अशी त्यांची स्थिति झाली. तें दुःख त्यांस सहन झालें नाहीं, आणि १९२८ सालीं त्यांच्या आयुष्याचा करुण अंत झाला. कलाबाईंनीं मात्र धीर धरून मुलांस वाढविलें. हिंदी लोकांस पुन्हां दार उघडलें तें १९४६ सालीं, आणि तेंहि वर्षास शंभर माणसें एवढेंच.

त्याच शहरांतून १९१३ च्या नोव्हेंबरापासून ‘गदर’ हें पत्र निघूं लागलें. परदेशीं मान मिळावयाचा तर स्वदेश स्वतंत्र पाहिजे, हा धडा त्या किनाऱ्यावर सोसलेल्या अपमानांनीं हिंदी मजुरांस व विद्यार्थ्यांस शिकविला होता. त्या चळवळींत आपल्या महाराष्ट्राचेहि तरुण होते. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे हे तिच्या आरंभींच्या कार्यकर्त्यांपैकीं एक होत. पुणें जिल्ह्यांतील तळेगांव ढमढेरें येथील विष्णु गणेश पिंगळे हे अमेरिकेंत शिक्षणास गेले होते. १९१४ सालीं ते परतले आणि १६ नोव्हेंबर १९१५ रोजीं लाहोर येथें फांशीं गेले. त्यांची कथा ह्या बेटावरची नव्हे. पण ज्या वाऱ्यांत त्यांचीं मनें घडलीं तो वारा ह्याच किनाऱ्याचा होता. म्हणून हें बेट आपल्याला अगदींच परकें नाहीं.

आपली शाळा मिशनची असल्यामुळें आणखी एका व्यक्तीचा उल्लेख येथें केला पाहिजे. मेथडिस्ट मंडळीची डीकनेस, म्हणजे सेविका, कॅथरिन मॉरर ह्या बाईंची १९१२ सालीं ह्या ठाण्यावर नेमणूक झाली, आणि तें बंद होईपर्यंत त्यांनीं तेथें काम केलें. त्या बायकामुलांस कपडे, शिवणकामाचें साहित्य व पुस्तकें पुरवीत, इंग्रजी शिकवीत, पत्रें लिहिण्यास साह्य करीत, आणि रडणाऱ्याजवळ बसत. लोक त्यांना बेटावरील देवदूत म्हणूं लागले. त्यांच्याविषयीं मला नितांत आदर वाटतो. तरी एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. दया ही न्यायाची जागा घेऊं शकत नाहीं. कोंडलेल्या मनुष्यास सुईदोरा देणें हें पुण्यकर्म आहे. परंतु त्याला विनाकारण कां कोंडलें, हा प्रश्न त्यामुळें सुटत नाहीं. सेवाभावाचें शिक्षण देणाऱ्या प्रत्येक शाळेनें आपल्या मुलांस हे दोन्ही धडे एकदमच दिले पाहिजेत. पहिला देऊन दुसरा वगळला, तर अन्याय करणारास आपण नकळत सोयीचे होतों.

आतां त्या भिंतींकडे वळूं. कोंडलेल्या चिनी पुरुषांपैकीं कित्येकांनीं आपल्या मनांतील दुःख पद्यांत रचून बराकीच्या लांकडी भिंतींवर कोरून ठेवलें. चीनच्या प्राचीन काव्याच्या पद्धतीस अनुसरून चार किंवा आठ ओळींचीं, पांच किंवा सात अक्षरांच्या चरणांचीं अशीं तीं पद्यें आहेत. त्यांत समुद्र आहे, चंद्र आहे, घरीं ठेवलेल्या म्हाताऱ्या आईबापांची काळजी आहे, भाड्यासाठीं काढलेल्या कर्जाची टोंचणी आहे. आपला देश दुबळा म्हणून आपली ही दशा, असा संताप आहे. आणि वनवास सोसून पुढें कीर्ति मिळविणाऱ्या पूर्वजांचें स्मरण करून मनाला दिलेला धीरहि आहे. खालीं सही बहुधा नाहीं. अधिकाऱ्यांना हें सारें भिंती विद्रूप करण्याचा प्रकार वाटला. त्यांनीं कोरलेलीं अक्षरें लांबीनें बुजविण्याचा व वर रंग देण्याचा हुकूम सोडला. लोक पुन्हां कोरीत, पुन्हां लांबी भरे, पुन्हां रंग चढे. परंतु ईश्वरी योजना पाहा! त्या लांबीनें आणि त्या रंगानेंच आंतील लांकूड सुरक्षित राखलें. लेख नाहीसे करण्यासाठीं जें केलें त्यानेंच ते टिकले. चिनी भाषेंतील दोनशेंहून अधिक पद्यें आजवर उजेडांत आलीं असून, जपानी, पंजाबी, रशियन इत्यादि इतर भाषांतील लेखहि त्या भिंतींवर सांपडले आहेत.

तरी हा ठेवा हातचा जाण्याची वेळ आली होती. १९४० च्या ऑगस्टांत मुख्य इमारत आगींत भस्म झाली आणि त्याच वर्षीं ठाणें बंद पडलें. स्त्रियांच्या खोल्या त्या मुख्य इमारतींत होत्या. त्यांनींहि तेथील भिंतींवर आपलें दुःख लिहिलें होतें असें सांगतात. पण त्यांतील एक ओळहि आज उरलेली नाहीं. त्या स्त्रिया कायमच्या मुक्या झाल्या. पुरुषांची बराक तेवढी वांचली. युद्धकाळांत तीमध्यें जपानी व जर्मन कैदी ठेवले. मग ती ओस पडली. बेट उद्यान झाल्यावर ही मोडकळीस आलेली बराक पाडून टाकावी, असा अधिकाऱ्यांचा बेत होता. १९७० सालीं उद्यानाचे एक रक्षक अलेक्झांडर वाइस ह्यांस ओसाड खोल्यांत फिरतांना रंगाखालीं कोरीव चिनी अक्षरें दिसलीं. वरिष्ठांनीं लक्ष दिलें नाहीं. तेव्हां त्यांनीं एका प्राध्यापकांस तें कळविलें. प्राध्यापक, त्यांचे विद्यार्थी आणि चिनी वंशाचे नागरिक ह्यांनीं चळवळ केली, आणि १९७६ सालीं कॅलिफोर्नियाच्या कायदेमंडळानें जतनासाठीं अडीच लाख डॉलर मंजूर केले. १९८० सालीं हिम मार्क लाइ, जेनी लिम व ज्युडी यंग ह्या तिघांनीं तीं पद्यें इंग्रजी भाषांतरासह पुस्तकरूपानें प्रसिद्ध केलीं. ज्युडी यंग ह्यांचे वडील ह्याच बेटावरून अमेरिकेंत शिरले होते. १९८३ सालीं बराक लोकांस खुली झाली, १९९७ सालीं तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा मान मिळाला, आणि २०२२ सालीं शेजारच्या जुन्या रुग्णालयांत संग्रहालय उघडलें.

ह्या जतनाविरुद्ध तीन आक्षेप ऐकूं येतात. पहिला असा कीं, झालें गेलें उकरून काढूं नये. त्यानें जखमा ताज्या होतात. मला हें पटत नाहीं. जखम झांकल्यानें भरत नाहीं, धुतल्यानें भरते. चिनी लोकांवरील बंदी १९४३ सालीं उठली; परंतु तेव्हांहि वर्षाकाठीं १०५ चिनी माणसांसच प्रवेश ठेवला होता, आणि असा कायदा आपण केला होता ही आठवण बुजली असती, तर तो पुन्हां करण्यास किती वेळ लागला असता? दुसरा आक्षेप असा कीं, आपल्या देशांत कोणास घ्यावें हें ठरविण्याचा प्रत्येक राष्ट्रास हक्क आहे. हक्क आहे, हें मी नाकारीत नाहीं. घरमालकाला दार लावण्याचा अधिकार असतोच. पण दारांतल्या मनुष्याचा कातडीवरून पाणउतारा करण्याचा अधिकार त्यांत येत नाहीं. नियम असावा, तो सर्वांस सारखा असावा, आणि तो लावतांना समोरचा मनुष्य आहे ह्याची जाणीव असावी, एवढेंच म्हणणें आहे. तिसरा आक्षेप पालकांचा असतो: सुट्टींत सहलीस नेलेल्या मुलांस असलें दुःख कशाला दाखवावें? ह्यावर माझें उत्तर असें कीं, मुलें आपल्या समजुतीपेक्षां अधिक खंबीर असतात. शौर्याच्या कथा त्यांनीं ऐकाव्याच. परंतु केवळ स्वतःच्या विजयाचे चौथरे पाहून वाढलेल्या मुलांस गर्व येतो, शहाणपण येत नाहीं.

किंबहुना ह्या बेटाचें वैशिष्ट्यच हें कीं, एकाच पांच मैलांच्या रस्त्यावर दोन्ही गोष्टी शेजारीं शेजारीं आहेत. एका अंगास देशासाठीं लढावयास गेलेल्या जवानांच्या छावण्या आहेत. दुसऱ्या अंगास, त्याच देशांत कष्ट करून राहावें एवढीच इच्छा बाळगणाऱ्यांच्या कोठड्या आहेत. एकांस स्वागताची पाटी, दुसऱ्यांस कुलूप. दोन्ही खरें आहे, आणि दोन्ही मिळूनच त्या राष्ट्राचा इतिहास होतो. अमेरिकन लोकांनीं आपल्या तोफांबरोबर आपली ही लाजहि जपून ठेवली आहे आणि शाळांतील मुलांस ते ती दाखवितात, ह्याबद्दल त्यांचें कौतुक केलें पाहिजे. असें धैर्य आपणांतहि यावें. आपल्या गांवोगांवच्या इतिहासांत माणसाला दारांत अडविल्याच्या, विहिरीवरून हांकलल्याच्या खुणा थोड्या नाहींत. त्यांवर रंग चढविणें सोपें आहे. पण रंगाखालचें लांकूड तसेंच राहतें, हें त्या बराकीनें दाखवून दिलें आहे.

विद्यार्थ्यांनीं ह्यांतून घ्यावयाचा धडा फार दूरचा नाहीं. वर्गांत दरवर्षीं कोणीतरी नवा मुलगा परगांवाहून येतो. त्याची बोली वेगळी असते, पोशाख वेगळा असतो, डबा वेगळा असतो. मधल्या सुट्टींत त्याच्याभोंवतीं जमून आपण जे प्रश्न विचारतों, ते ओळख करून घेण्यासाठीं असतात कीं त्याला परका ठरविण्यासाठीं, ह्याचा ज्यानें त्यानें विचार करावा. पालकांसहि हेंच सांगणें. आपलीं मुलें परदेशच्या कचेऱ्यांपुढें कागद घेऊन उभीं राहतात, तेव्हां अधिकाऱ्यानें त्यांच्याशीं सौजन्यानें वागावें असें आपणांस वाटतें. तेंच सौजन्य आपल्या गल्लींत नव्यानें राहावयास आलेल्या बिऱ्हाडास आपण दाखवितों काय?

ज्यांस त्या बाजूस जाण्याचा योग येईल, त्यांच्यासाठीं शेवटीं दोन शब्द. बेटावर जाणारी बोट सॅन फ्रॅन्सिस्कोहून व उत्तरेकडील टिब्यूरॉन गांवाहून मिळते. उतरल्याबरोबर बहुतेक लोक हिरवळीवर बसतात किंवा माथ्याची वाट धरतात. तसें न करतां प्रथम डावीकडील रस्त्यानें एक-दीड मैल चालून तपासणीच्या ठाण्यावर जावें, कारण थकलेल्या पायांनीं व भरल्या पोटीं मनुष्य भिंती वाचीत नाहीं. चिनी लिपि आपणांस येत नसली तरी हरकत नाहीं. अर्थ सांगणारे फलक व माहितगार तेथें असतात, आणि लांकडांत खोल गेलेली रेघ कोणत्याहि भाषेच्या मनुष्यास कळते. मुलें बरोबर असतील तर त्यांस पायऱ्यांचा तो प्रश्न तेथेंच विचारावा. मग खुशाल डोंगर चढावा, पूल पाहावा आणि शिदोरी सोडावी. मात्र ती सोडण्यापूर्वीं अर्धा तास त्या भिंतींपुढें उभें राहावें, एवढीच विनंति आहे.